पाटीवर ‘थायरॉइड सर्जन’, नोंदवहीत कान-नाक-घसा : शस्त्रक्रियेपूर्वीच्या पात्रता पडताळणीचे एक प्रकरण

रुग्ण एक 51 वर्षांच्या गृहिणी. मानेच्या उजव्या बाजूला हाताला गाठ लागू लागली म्हणून त्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. सोनोग्राफीत थायरॉइडच्या उजव्या लोबमध्ये साडेतीन सेंटिमीटरची एकच भरीव गाठ दिसली. थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या टी.एस.एच. या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण सर्वसाधारण होते आणि सुईने पेशी काढून केलेल्या एफ.एन.ए.सी. तपासणीचा अहवाल ‘बेथेस्डा 4’ असा आला. ओळख पटेल असा सर्व तपशील येथे गाळला आहे. जे मांडले आहे ते त्यांच्या कुटुंबाने शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या चौकशीपुरते आहे.

बेथेस्डा ही थायरॉइडच्या पेशी-तपासणीचे अहवाल 1 ते 6 अशा श्रेणींत मांडण्याची पद्धत आहे. चौथ्या श्रेणीत गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मानली जाते. अडचण अशी की या श्रेणीत येणाऱ्या फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीतील पेशी निरुपद्रवी गाठीत आणि कर्करोगात सारख्याच दिसतात. पेशींनी गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का हे पाहूनच निदान होते, आणि त्यासाठी गाठ काढून तिची पूर्ण तपासणी करावी लागते. म्हणून थायरॉइडचा उजवा अर्धा भाग काढण्याचा सल्ला मिळाला. सल्ला योग्य होता आणि त्यावर पुढेही कोणाचे दुमत झाले नाही. शस्त्रक्रिया आवश्यक होती, पण तातडीची नव्हती. काही आठवडे थांबल्याने काही बिघडणार नव्हते. हा मोकळा वेळ हाताशी होता म्हणूनच पुढची सगळी चौकशी होऊ शकली.

नेहमीच्या डॉक्टरांनी एका रुग्णालयाचे नाव सुचवले. तेथील प्रमुख डॉक्टरांच्या लेटरहेडवर नावापुढे ‘एम.बी.बी.एस., डी.ओ.आर.एल.’ आणि त्यानंतर एका फेलोशिपची आद्याक्षरे होती. त्याखाली ठळक अक्षरांत ‘थायरॉइड, हेड अँड नेक व एंडोक्राइन (म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींचे) सर्जन’ अशा अर्थाचे बिरुद लिहिले होते, आणि रुग्णालयाबाहेरच्या पाटीवरही हेच बिरुद होते. रुग्णाच्या मुलाला एवढे पुरेसे वाटले. मुलगी बँकेच्या कर्ज विभागात कागदपत्रे तपासण्याचे काम करते; तिला आद्याक्षरांचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे पटेना. भावाचे म्हणणे होते की डॉक्टरांवर असा संशय घेणे बरे दिसत नाही. तिचे म्हणणे असे की यात संशयाचा प्रश्नच नाही, जी माहिती नियमानुसार जाहीर असायला हवी तीच आपण वाचतो आहोत.

या मुद्द्यावर नियम तिच्या बाजूने आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावला पाहिजे आणि औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर व पैशांच्या पावतीवर छापला पाहिजे. ही परिषद आता नाही. 2019 च्या कायद्याने तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला आणि 25 सप्टेंबर 2020 पासून त्याचे काम सुरू झाले. आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवी आचारसंहिता जाहीर केली, पण त्याच महिन्यात ती स्थगित ठेवली. त्यामुळे 2002 चेच नियम लागू राहिले.

लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक होता. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे अलीकडचे क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रम अशा तीन भागांत, तिरप्या रेघांनी तोडलेले असतात; जुन्या डॉक्टरांचे क्रमांक नुसते आकड्यांचे असतात. मुलीने परिषदेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून पाहिला. नाव जुळले. नोंदणी चालू होती, म्हणजे दर पाच वर्षांनी करावे लागणारे नूतनीकरणही झालेले होते. मूळ पदवी एम.बी.बी.एस. आणि अतिरिक्त पात्रतेच्या रकान्यात कान-नाक-घसा शाखेची पदविका, अर्थात डी.ओ.आर.एल., एवढीच नोंद होती. फेलोशिपचा उल्लेख नव्हता. थायरॉइड, एंडोक्राइन, हेड अँड नेक यांपैकी एकही शब्द कुठे नव्हता.

बहुतेक लोक पडताळणी करतात ती बोगस डॉक्टर ओळखण्यासाठी, आणि नोंदवहीत नाव सापडले की निश्चिंत होतात. बोगस डॉक्टर असतात, त्यांच्यासाठी 2019 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूदही आहे. पण नियोजित शस्त्रक्रियेसाठी रीतसर रुग्णालयात जाणाऱ्या माणसापुढचा नेहमीचा धोका तो नव्हे. डॉक्टर खरे, पदवी खरी, नोंदणीही चालू. फक्त पाटीवरची शाखा आणि नोंदवहीतील शाखा वेगळी, हा प्रकार कितीतरी अधिक सापडतो, आणि ‘नाव सापडले’ एवढ्यावर थांबणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

नोंदवहीत फेलोशिप न दिसण्याचे तीन अर्थ संभवतात. एक, पात्रता खरी आहे, पण डॉक्टरांनी ती परिषदेकडे नोंदवलेली नाही किंवा नोंद अद्ययावत झालेली नाही. दोन, तो अभ्यासक्रम अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवला जाण्याच्या दर्जाचाच नाही. तीन, असा अभ्यासक्रम झालेलाच नाही. केवळ पडद्यावर पाहून या तिन्हींतला फरक कळत नाही. मुलीने तिसरा अर्थ गृहीत धरला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. कारण तो गृहीत धरून कोणी डॉक्टरांसमोर बसले की चौकशीचे भांडण व्हायला वेळ लागत नाही.

येथे पदव्यांच्या उतरंडीविषयी थोडे सांगणे भाग आहे. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांची एम.डी. किंवा एम.एस. ही विशेषज्ञतेची पदवी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. तिला समकक्ष. त्यावर आणखी तीन वर्षांची डी.एम. किंवा एम.सीएच. ही अतिविशेषज्ञतेची पदवी. पदविका दोन वर्षांच्या असतात आणि त्या विद्यापीठीय, मान्यताप्राप्त असू शकतात. या चौकटीबाहेर फेलोशिपचे मोठे मोकळे रान आहे. काही फेलोशिप नामांकित संस्थांत पूर्णवेळ वर्ष-दोन वर्षे राहून, रोज शस्त्रक्रियागृहात उभे राहून मिळवलेल्या असतात. काही थोड्या दिवसांच्या कार्यशाळेनंतर मिळतात. आणि काही तर निव्वळ एखाद्या संघटनेचे सदस्यत्व असते. छापील अक्षरांत तिन्ही सारखीच भारदस्त दिसतात. अक्षरे जितकी जास्त तितकी पात्रता मोठी, असे मानायला मुळीच जागा नाही.

आद्याक्षरांची आणखी एक गफलत याच शोधात समोर आली. मुलाने पर्याय म्हणून दुसऱ्या एका दवाखान्याचे नाव आणले होते. तेथील डॉक्टरांच्या नावापुढे ‘एम.एस.’ होते, पण महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत ते नाव सापडेना. कारण ती पदवी आयुर्वेदातील शल्यतंत्राची होती आणि तिची नोंद महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषदेकडे असते. ते डॉक्टर बोगस नव्हते. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शिक्षणात शिकवायच्या 58 शस्त्रक्रियांची यादी नोव्हेंबर 2020 मध्ये भारतीय चिकित्सा पद्धतींच्या तेव्हाच्या केंद्रीय परिषदेने अधिसूचित केली आणि त्यावरून मोठा वादही झाला. मात्र दोन्हीकडे अक्षरे तीच असल्यामुळे ‘एम.एस. कशात आणि कोणत्या परिषदेकडे नोंद?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. कुटुंबाने तो पर्याय तिथेच सोडला.

आता मूळ प्रश्न. कान-नाक-घसा शाखेच्या डॉक्टरांनी थायरॉइडची शस्त्रक्रिया करणे चुकीचे आहे का? नाही. ही शस्त्रक्रिया जनरल सर्जन करतात, कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात, डोके व मान यांच्या कर्करोगाचे सर्जन करतात, आणि देशातील मोजक्या संस्थांत शिकवली जाणारी एंडोक्राइन सर्जरीची एम.सीएच. पदवी घेतलेले तर करतातच. भारतातील वैद्यकीय नोंदणी शस्त्रक्रियानिहाय परवाना देत नाही. गर्भपात, गर्भलिंगनिदानाशी निगडित सोनोग्राफी, अवयव प्रत्यारोपण अशा काही कामांसाठी स्वतंत्र कायद्यांनी कोण पात्र हे ठरवले आहे. केशरोपणासारख्या सौंदर्योपचारांबाबत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही असे त्यांत स्पष्ट म्हटले. एरवी कोणी कोणती शस्त्रक्रिया करावी हे व्यावसायिक विवेकावर आणि रुग्णालयाच्या शिस्तीवर सोडलेले आहे. 2002 च्या आचारसंहितेत मात्र एक स्पष्ट नियम आहे : त्या शाखेतील विशेष पात्रता नसेल तर डॉक्टरने त्या शाखेचा विशेषज्ञ असल्याचा दावा करू नये. हा नियम हातातल्या सुरीवर नाही, पाटीवरच्या शब्दांवर आहे. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणे या डॉक्टरांना मोकळे होते; ‘एंडोक्राइन सर्जन’ म्हणवून घेणे कशाच्या आधारावर, हा खरा प्रश्न होता.

पुढच्या भेटीत मुलीने तो सरळ विचारला. “सर, ही फेलोशिप कुठली आणि किती काळाची? आणि आईचं ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना?” डॉक्टर चिडले नाहीत. फेलोशिप काही महिन्यांची होती, अधूनमधून जाऊन पूर्ण केलेली, असे त्यांनी सांगितले. संस्थेचे नाव सांगितले, प्रमाणपत्र मात्र दाखवले नाही. दुसऱ्या प्रश्नावर ते म्हणाले, “आमची टीम आहे, तुम्ही काळजी करू नका.” टीममध्ये कोण, असे पुन्हा विचारल्यावर कळले की थायरॉइडच्या शस्त्रक्रियेला बाहेरून एक व्हिजिटिंग सर्जन येतात, मुख्य शस्त्रक्रिया त्याच करतात आणि हे डॉक्टर मदतीला असतात. लेटरहेडवर, पाटीवर, कच्च्या अंदाजपत्रकावर, कुठेही त्या सर्जनचे नाव नव्हते. स्वागतकक्षात विचारले तर “सर आहेत ना, सर बघतील” एवढेच उत्तर मिळाले.

या टप्प्यावर आधीची सगळी पडताळणी चुकीच्या माणसाची झाली होती. रुग्णालयाच्या दर्शनी भागावर ज्यांचे नाव असते ते आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणारे वेगळे असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. बाहेरून तज्ज्ञ बोलावण्यात गैर काही नाही, किंबहुना लहान रुग्णालयांना तोच शहाणपणाचा मार्ग असतो. पण ते रुग्णाला आधी सांगितले गेले पाहिजे. संमतीपत्रावरची सही कोणत्या शस्त्रक्रियेसाठी आहे हे नेमके असावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका स्त्री रुग्णाच्या प्रकरणात ठामपणे सांगितले. निदानासाठी दिलेली संमती अवयव काढण्यासाठी चालत नाही, असा तो निकाल होता. शस्त्रक्रिया कोण करणार ही माहितीही माझ्या मते त्याच कागदावर, नावासह असली पाहिजे. छापील संमतीपत्रात ‘डॉ. अमुक किंवा त्यांचे सहकारी’ असे शब्द असतील तर ‘किंवा’ नंतरचा भाग कोण, हे सहीपूर्वी विचारावे.

व्हिजिटिंग सर्जनचे नाव मिळाल्यावर शोध पुन्हा सुरू झाला आणि लगेच अडला, कारण त्या नावाने कोणीच सापडेना. मुलगा एव्हाना पुरता धास्तावला होता. कारण अगदी साधे निघाले : परिषदेकडची नोंद लग्नापूर्वीच्या नावाने होती. नोंदणी क्रमांक मागवल्यावर नोंद सापडली. राज्य परिषदेकडे एम.बी.बी.एस. आणि अतिरिक्त पात्रता म्हणून एम.एस. जनरल सर्जरी, दोन्ही होत्या. राष्ट्रीय पातळीवरच्या इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये मात्र एम.एस. दिसत नव्हते. राष्ट्रीय यादी राज्यांकडून येणाऱ्या माहितीवर चालते आणि ती अनेकदा मागे असते, तेव्हा दोन याद्यांत तफावत दिसली तर राज्य परिषदेची नोंद धरावी, आणि तरीही शंका राहिली तर परिषदेकडे लेखी विचारावे. स्त्री डॉक्टरांच्या बाबतीत नावाचा हा घोळ इतका नेहमीचा आहे की नावाने शोधण्यापेक्षा क्रमांकाने शोधणेच बरे.

दरम्यान दुसरे मत घेण्याचे ठरले. कुटुंबाने पहिल्या रुग्णालयाकडे कागदपत्रे मागितली; रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांत द्यावीत असा आचारसंहितेचा नियम आहे आणि येथे ती दुसऱ्याच दिवशी मिळाली. त्यांनी एफ.एन.ए.सी.चा अहवालच नव्हे, तर पेशींच्या काचपट्ट्याही प्रयोगशाळेतून मागून घेतल्या. हे फार थोडे लोक करतात. अहवाल म्हणजे एका पॅथॉलॉजिस्टचे वाचन. काचपट्टी दुसऱ्यानेही वाचता येते, आणि चौथ्या श्रेणीसारख्या कुंपणावरच्या निदानात दुसरे वाचन खरोखर उपयोगी पडते. एका अध्यापन रुग्णालयातील एंडोक्राइन सर्जरीच्या एम.सीएच. सर्जननी त्या पुन्हा तपासून घेतल्या. श्रेणी तीच राहिली आणि सल्लाही तोच : उजवा अर्धा भाग काढावा.

मुलाच्या मते विषय येथे संपला होता. एम.सीएच. सर्वांत मोठी पदवी, तर शस्त्रक्रिया तिथेच. पण अध्यापन रुग्णालयात तारीख बरीच पुढची मिळत होती, आणि शस्त्रक्रिया नेमकी कोणाच्या हातून होईल हे तिथेही त्या दिवशीच ठरणार होते, कारण पदव्युत्तर विद्यार्थी शिकतात ते अशाच रुग्णालयांत. म्हणून मुलीने व्हिजिटिंग सर्जनना, त्या जिथे पूर्णवेळ काम करतात त्या रुग्णालयात जाऊन भेटायचे ठरवले.

त्या भेटीतले प्रश्न नोंदवहीत उत्तर न मिळणारे होते. वर्षाला थायरॉइडच्या किती शस्त्रक्रिया करता? आवाजाच्या नसेला इजा होण्याचे प्रमाण तुमच्या स्वतःच्या रुग्णांत किती? रात्री रक्तस्राव झाला तर रुग्णालयात कोण असते? भूल कोण देणार? संख्येचा प्रश्न उद्धट वाटतो, पण त्याला आधार आहे. अमेरिकेतील हजारो रुग्णांच्या नोंदींवर आधारित, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की संपूर्ण थायरॉइड काढण्याच्या वर्षाला 25 हून अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत कमी होते. थायरॉइडच्या मागून स्वरयंत्राची नस जाते आणि लगतच पॅराथायरॉइडच्या चिमुकल्या ग्रंथी असतात; नस ओळखून जपणे आणि या ग्रंथींचा रक्तपुरवठा राखणे हे वारंवार करूनच हाताला येते.

सर्जननी आकडा सांगितला, तो या मर्यादेच्या बराच वर होता. आवाजात तात्पुरता बदल झालेले रुग्ण आपल्याकडेही असल्याचे त्यांनी न लपवता सांगितले. मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सुचवली : शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीतून स्वरतंतू तपासून घ्यायचे आणि ते नोंदवून ठेवायचे, म्हणजे नंतर आवाज बसला तर तो आधीपासूनचा की शस्त्रक्रियेमुळे, हे कळते. पहिल्या रुग्णालयात ही तपासणी सुचवली गेली नव्हती, आणि तिथले प्रमुख तर स्वतः कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. भूलतज्ज्ञांचे नाव आणि क्रमांकही त्यांनी लिहून दिला; ती नोंद तपासायला मुलीला फारसा वेळ लागला नाही.

निर्णय शेवटी आईंनी दिला. “ज्या बाईंनी नीट समजावलं, त्यांच्याकडेच करू,” असे त्या म्हणाल्या. केवळ बोलण्याच्या पद्धतीवरून सर्जन निवडला असता तर मी ते जोखमीचे म्हटले असते, कारण गोड बोलणे ही पात्रता नव्हे. पण या वेळेपर्यंत नोंदणी, शाखा, अनुभव आणि प्रत्यक्ष हात कोणाचा, हे चारही मुद्दे स्पष्ट झाले होते. पदवीच्या उतरंडीत एक पायरी खाली असलेल्या सर्जनची निवड झाली, आणि उपलब्ध माहितीवर ती योग्यच होती. शस्त्रक्रिया सर्जनच्या नेहमीच्या रुग्णालयात झाली, संमतीपत्रावर त्यांचे नाव लिहून घेऊन. नंतर काही आठवडे आवाज घोगरा राहिला. आधीच्या नोंदीशी ताडून पाहता उजवा स्वरतंतू थोडा मंद हलत असल्याचे दिसले आणि पुढे तो पूर्ववत झाला. काढलेली गाठ फॉलिक्युलर ॲडिनोमा, म्हणजे निरुपद्रवी निघाली. उरलेला अर्धा भाग काढावा लागला नाही.

पहिल्या डॉक्टरांच्या बिरुदाचे पुढे काय, यावर घरात एकमत झाले नाही. आईंना तक्रार नको होती; त्यांच्याशी कोणी खोटे बोलले नव्हते, विचारल्यावर सगळे सांगितलेच गेले होते. मुलीचे म्हणणे असे की विचारले म्हणून सांगितले गेले, आणि बहुतेक रुग्ण विचारत नाहीत. नियमाची दुबळी बाजूही येथेच आहे : ‘विशेष पात्रता’ असावी एवढेच तो सांगतो, काही महिन्यांची फेलोशिप त्यात बसते का हे सांगत नाही, शिवाय व्यावसायिक ज्ञान देणारी प्रमाणपत्रे नावापुढे लावण्यास हीच आचारसंहिता परवानगी देते. मुलीने शेवटी तक्रारीऐवजी राज्य परिषदेकडे लेखी विचारणा केली. त्या विशिष्ट फेलोशिपची अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद होऊ शकते का, आणि होत नसल्यास तिच्या आधारे ‘एंडोक्राइन सर्जन’ असे लिहिता येते का, हे दोनच प्रश्न त्या अर्जात आहेत. डॉक्टरांचे नाव तिने त्यात घातलेले नाही.